सुरुवातीपुरती

प्रोसेसर चालू करायच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी वैजयंतीने नवऱ्याच्या, प्रसादच्या, मेंदूत बसवलेल्या त्या प्रोसेसरमधली आठवणींची यादी सहज उघडली. प्रत्येक आठवणीपुढे तिचा प्रकार लिहिलेला होता. लग्न: कायम. मित्रांबरोबरची गोव्याची सहल: कायम. अपघातानंतरचे आठ महिने: सुरुवातीपुरती.

हा प्रकार तिनेच ठरवला होता, चार वर्षांपूर्वी, प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीत असताना. यंत्रणा उभी राहीपर्यंतच ज्याचं काम, ते नंतर पुसून जागा मोकळी करायची.

"ही चूक कुणी केली?" तिने तंत्रज्ञ कुंदनला विचारलं. त्या आठ महिन्यांत तिने प्रसादला घास गिळायला शिकवलं होतं, 'पाणी' म्हणायला शिकवलं होतं.

"चूक नाही, मॅडम," कुंदन चाचरला. "काल तुम्ही डबा आणायला गेलात ना, तेव्हा सरांनी स्वतः भरलंय."

ती तडक प्रसादच्या खोलीत गेली. "मी काय वाईट केलं रे तुझं?"

"तू माझे डायपर बदललेस," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "ते मला आठवायला नको."

"आणि मला आठवेल त्याचं काय?"

तिच्या सहीशिवाय यंत्रणा चालू होणार नव्हती. तिने दात आवळून सही केली.

दुसऱ्या दिवशी प्रसादने डोळे उघडले आणि तिला निरखून पाहिलं.

"केवढी वाळलीस गं! आजारी होतीस?" तो रागावलाच. "मला एका शब्दाने सांगितलं नाहीस."