कोळंबीच्या मिश्या

देवीला बोललेल्या बोकडाची दाढी कापायची म्हणजे काय! बरं, कापायची ती कापायची, सासूला एका शब्दानं विचारायचंही नाही. ठमाबाई बाजारातून रिकामी टोपली घेऊन आगरदांड्याला घरी परतली, तेव्हा बोकड खुंट्याला पाला चघळत उभा होता. हनुवटी साफ बोडकी, जसा काही कचेरीतला कारकून. लेक शिवदास तापातून उठला म्हणून चैत्रात ह्या बोकडाला एकवीरेपुढं न्यायचा होता. आणि शिवदासच्याच बायकोनं त्याला भादरून ठेवला होता.

नलू पडवीत कागदापुढं बसली होती. शेजारी एका करवंटीत माकूळ मासळीच्या पोटातली काळी शाई, दुसरीत पाणी.

"काय गो, देवीनं तुला न्हावीण म्हणून नेमलीय काय?"

"आई, विकतच्या कुंचल्याचे केस झुरळांनी खाल्ले. शाळाखात्याचे साहेब दुपारच्या होडीनं दिघीला जाणार. जाताना चित्रं नेणार."

ते ठमाबाईला ठाऊक होतं. कुलाबा जिल्ह्यातल्या शाळांत भिंतीवर लावायला मासळीची चित्रं हवी होती. आजची तीन पसंत पडली तर बाकीचं सगळं काम नलूकडं येणार होतं. नाही पडली तर मुंबईचा कुणी चितारी होताच.

नलूनं त्या दाढीचे दोन कुंचले बांधले होते. एक चपटा, बांबूच्या कामटीला. एक गोल, कोंबडीच्या पिसाच्या नळीत. चपट्यानं पापलेट उतरलं होतं, एका फटकाऱ्यात अंग, दुसऱ्यात शेपूट. गोलात पाणी भरून बोंबील काढला होता. तो असा काही ओला दिसत होता की ठमाबाईचं बोट दाबून बघायला आपसूक पुढं गेलं. तिनं ते मागं घेतलं. दाढी कापणाऱ्या सुनेला इतक्यात शाबासकी द्यायची नव्हती.

मग तिला कोळंबी दिसली.

"ह्या मिश्या? का होडी बांधायचे दोर?"

"टोकच येत नाही. दाढीचे केस भिजले की फाकतात."

"मग नको काढू मिश्या."

"मग ती कोळंबी राहत नाही, आई."

ठमाबाईनं चाळीस वर्षं कोळंबी विकली होती, कोळंबीच्या बाबतीत एकदाही कुणाकडून हार खाल्ली नव्हती. असल्या दोरखंडवाल्या कोळंबीखाली तिच्या घराचं नाव लागणार, आणि अलिबागची पोरं ती बघून हसणार.

तिनं नलूच्या मांडीजवळची कातर उचलली आणि मागीलदारी गेली.

नलू साहेबाच्या वाटेकडं बघत राहिली. मागच्या बाजूला बोंबील वाळत घातलेल्या काठ्या धडाधड कोसळल्या. कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडलं. ते माणूस नव्हतं. मग ठमाबाईच्या तोंडून दोन शिव्या निघाल्या, आणि सगळं शांत झालं.

ती परत आली ती मूठ आवळूनच. मूठ उघडली तर आत काळ्या केसांचा झुबका होता, निमुळत्या टोकांचा.

"आई, हे कुठले?"

"बोंबील चोरणाऱ्या काळ्या बोक्याच्या शेपटीचे. त्याला कुणी देवीला बोललेलं न्हाय."

नलूचं लक्ष तिच्या हाताकडं गेलं. मनगटावर तीन लाल रेघा उमटल्या होत्या. मुळाशी जरा जाड, पुढं केसाएवढ्या बारीक, कोपराकडं वळत गेलेल्या. नलू पदर घेऊन पुसायला उठली, तशी ठमाबाईनं हात झटकला आणि कागदाशेजारी आडवा ठेवला.

"बस खाली. दाढीचं मी देवीशी बघून घेईन. पण टोक पायजे तर बोचकारणाऱ्याकडं मागायचं, कळलं? आन् मिश्या ह्या अशा असतात. सुकायच्या आत काढ."