चढणीवरची डुलकी

मोठे साहेब, खोटं तुम्ही बोललात. भरलेला ट्रक खाणीच्या चढणीवर बंद पडला, ब्रेकची हवा संपली, गाडी मागे घरंगळली आणि गाड्यांना इशारे देणारा शिट्टीवाला तिच्या चाकाखाली गेला. त्याचं अंग गार पडायच्या आत तुमचा निकाल तयार : ड्रायव्हरला डुलकी लागली. इंजिनाला हात लावायची तसदी घेतली नाहीत. टाकीचं झाकण उघडून कुणी आत डोकावलं नाही. खाणीत शिरायचं तर खाणीच्याच पंपावर डिझेल भरायचं हा नियम तुमचा. मग टाकीत कशाला बघाल?

तो ड्रायव्हर आता भावाच्या गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. प्लास्टरमधला पाय समोरच्या जुन्या टायरवर. ट्रक त्याचा स्वतःचा. खाली धाकटा भाऊ पाठीवर पडून नट आवळत होता, वर केबिनमध्ये बायको चावीला हात लावून बसली होती.

"अगं," तो म्हणाला, "खरंच डोळा लागला असेल का गं माझा?"

"झालं सुरू! शिट्टी ऐकलीत ना तुम्ही?"

"ऐकली."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत वाजवत होता बिचारा. बाजूला सरा, बाजूला सरा म्हणून माणसांना हाकलत होता. स्वतः नाही सरला." त्याने प्लास्टरवर हात फिरवला. "पण झोपेतसुद्धा ऐकू येतंच की माणसाला."

गाडीखालून आवाज आला, "दादा, तू झोपला असतास तर तुझं घोरणं अख्ख्या खाणीला ऐकू गेलं असतं. शिट्टीची गरजच नव्हती."

बायको हसली. तो हसला नाही. चारचौघं रोज एकच गोष्ट बोलायला लागली, की माणूस स्वतःच्याच डोळ्यांवर संशय घ्यायला लागतो. रात्री पडल्या पडल्या तो ती चढण पुन्हा चढायचा, आणि दर खेपेला कुठेतरी थोडा अंधार सापडायचा.

भावाने काम मात्र जीव ओतून केलं होतं. टाकीतलं डिझेल डब्यांत काढून, टाकी उतरवून तळाला भोक पाडलं होतं, कारण जुनी नळी तळाच्या वरून डिझेल ओढायची आणि तळातला गाळ चढणीवर हेलकावे खात एकदम नळीत शिरायचा. ती गंजकी नळी त्याने करवतीने कापून भंगारात फेकली. चेसिसला डिझेल खेचायची नवी मोटर बसवली, शेजारी मोठा फिल्टर, आणि फिल्टरच्या बुडाशी काचेची वाटी. अपघाताच्या दिवशीचंच डिझेल टाकीत परत ओतलं. डिझेलमध्ये पाणी असलं तर ते इंजिनात न जाता या वाटीत साठणार. चढणीवर गाडीने पुन्हा दगा देता कामा नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"वहिनी, फिरवा चावी. इंजिन नका चालू करू, नुसता पहिला खटका."

मोटर आधी कोरडी ओरडली. मग नळ्यांमधली हवा निघून गेली तसा तिचा आवाज जड झाला. वाटी भरू लागली. भरता भरता तिचे दोन भाग झाले. वर डिझेल, खाली गंजाच्या रंगाचं पाणी. बघता बघता पाणी वाटीच्या काठाला लागलं.

भावाने वाटी सोडवली आणि काळ्या ऑइलने माखलेल्या तोंडाने हसत बाहेर आला.

"दादा, ही बघ तुझी डुलकी."

ड्रायव्हरने वाटी दोन्ही हातांत धरली. उजेडाकडे केली.

"मी जागा होतो," तो म्हणाला. जणू ही बातमी त्याला आत्ताच कळली होती.

साहेब, तेवढ्यात तुमचा माणूस आला. गाडी खाणीत परत घ्यायच्या लायकीची आहे का, ते तपासायला. जीप त्याने दारात चालूच ठेवली. समोर धरलेली वाटी त्याने पाहिली न पाहिल्यासारखी केली आणि वाकून गाडीखाली नजर टाकली.

"टाकी उतरवली होती?"

"हो," भाऊ म्हणाला.

"भोक कुणी पाडलं?"

"मीच. बघा ना, एक थेंब गळणार नाही."

"आणि जुनी नळी?"

भावाने भंगाराकडे बोट दाखवलं आणि ते बोट तसंच राहिलं.

"म्हणजे अपघातातली गाडी आता उरलीच नाही," तुमचा माणूस म्हणाला. "उघड्या टाकीत पाणी कुठूनही येतं. तुम्ही ओतलं असं मी म्हणत नाही."

"अहो, आत्ता माझ्या डोळ्यांदेखत निघालं ते!" बायको केबिनमधून ओरडली.

"ताई, तुम्ही घरच्याच." त्याने हात झटकले. "काम झकास झालंय. गाडी आणा उद्यापासून, आमची हरकत नाही. ड्रायव्हर तेवढा दुसरा बघा."

भाऊ भंगारापाशी खाली बसला. नळीचे दोन तुकडे उचलून तो त्यांची कापलेली तोंडं एकमेकांना जुळवून बघत होता.

तुमचा माणूस जीपकडे वळला. कुबडी आडवी आली. ड्रायव्हर एका पायावर उभा होता, हातातली वाटी हिंदकळत होती.

"एक सांगून जा, साहेब. खाणीच्या पंपावर रांग लावण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. त्या रांगेत तुमची ही जीप मला एकदाही दिसली नाही. कुठं भरता हिच्यात डिझेल? बोला. कुठं भरता?"