गाऱ्हाण्यातली नावं

"जाताना माळा काकाआजोबांचा, येताना माझा," ओवी म्हणाली.

तिच्या बाबांच्या, वैभवच्या मोबाइलवर सहलीसाठी ठरवलेल्या कॅराव्हॅनचा फोटो होता. आत ओटा, बेसिन, गाद्या आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायला छोटा माळा. त्याच माळ्यावरून भांडण.

"येताना तुझा," मनू लगेच म्हणाला. "मी खाली झोपान."

वैभवने मोबाइल खिशात घातला. त्याची बायको श्रेया सुकटीच्या चटणीचा डबा पुन्हा पुन्हा पुसत बसली.

मनू म्हणजे वैभवच्या आईचा, मालनचा धाकटा दीर. साठी उलटली, पण समज ओवीएवढीच. सासूने मरताना त्याचा हात मालनच्या हातात दिला, आणि मालनने तो धरून ठेवला. गिरणी गेली, मग नवरा दौलत गेला. मनूच्या ताटातला भात कमी झाला नाही. कोणी कीव केली तर मालन म्हणायची, "तुमच्या घरचा खातो काय?"

आता लालबागची चाळ पाडायची होती. बांधून होईपर्यंत परळला अकराव्या मजल्यावर भाड्याची जागा. चाळीत मनू कुठे गेला तरी कोणीतरी त्याला घरी आणून सोडायचं. हिंदमाताचे साडीवालेसुद्धा त्याला ओळखत. अकराव्या मजल्यावर कोण कोणाला ओळखतो? त्यात गेल्या महिन्यात तो गॅस उघडा ठेवून भजनाला गेला. ओवी आत झोपली होती. मालनचे गुडघे गेले होते. तिला आता त्याच्या मागे धावता येत नव्हतं.

सहल ज्या तळ्यावर जाणार होती त्याच्या अलीकडे, डोंगराखाली, मनूसारख्या माणसांचा एक आश्रम होता. जाताना तळं, तंबू, शेकोटी. येताना आश्रम. ठरवलं मालननेच. वैभव रडला तेव्हा तिने त्याला रडू दिलं, मग विचारलं, "माझ्यामागे तू बघशील त्याला? की ही बघेल?" श्रेया खाली बघत राहिली. वैभवने डोळे पुसले. मनूला सांगायचं नाही, हेही मालननेच ठरवलं.

आणि मग ती सहलीच्या तयारीला अशी लागली, जणू घरात लग्न होतं. वैभवच्या ऑफिसातली दोन कुटुंबंही आपापल्या गाड्या घेऊन येणार होती. सगळे मिळून चुलीवर कोंबडी शिजवणार होते.

"घरात गॅस असून जेवण बाहेरनं मागवतात," मालन म्हणाली, "आणि चूल फुंकायला घाट चढून जातात. खोबऱ्याचं वाटप मी देते करून. नाहीतर पाण्यात उकडलेली कोंबडी खाल."

मनूची पिशवी तिने स्वतः भरली. ओवीने आत डोकावून बघितलं.

"आजी, दोन दिवसांसाठी याचे सगळेच कपडे?"

"पाण्याकडे थंडी असते."

मनूने वरून दौलतच्या झांजा ठेवल्या, फडक्यात गुंडाळून. तळ्यावर भजन करणार होता. त्या झांजांना तो दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे.

निघायची वेळ झाली. गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. मालनने देवापुढे नारळ ठेवला. या घरातलं माणूस देवाला गाऱ्हाणं, म्हणजे सांभाळायचं साकडं, घातल्याशिवाय लांबच्या वाटेला लागत नसे. दौलत गेल्यावर गाऱ्हाणं तीच घालायची. बाईमाणसाने घालू नये म्हणणाऱ्याला ती नारळच हातात द्यायची, "मग तू घाल." कोणाला येत नसे.

गाऱ्हाण्यात जे जे परत यायला हवं, त्याचं नाव घ्यायचं. एकदा गावाला जाताना दौलत ट्रंकेचं नाव घ्यायला विसरला होता. ट्रंक पनवेलला चोरीला गेली. त्या ट्रंकेत मनूचा नवा सदरा होता. तेव्हापासून मनू भेटेल त्याला सांगायचा, "नाव नाय घेतला, ट्रंक गेली."

सगळे हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां भायर पडतत, तळ्यार जातत, त्यांचो सांभाळ कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." मनूचा आवाज सगळ्यांच्या वर.

"गाडयेक, गाडी हाकणाऱ्याक सुखरूप परत हाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"माझ्या वैभवाक, माझ्या सुनेक, ओवीक, माका..."

मालन थांबली. पुढचं नाव तोंडाशी आलं होतं. माणसांशी ती गरज पडली तर खोटं बोलायची. वीस वर्षांत गाऱ्हाण्यात बोलली नव्हती. ज्याला स्वतःच सोडून यायचं, त्याला परत आण म्हणून देवाला कुठल्या तोंडाने सांगायचं?

"...सुखरूप परत हाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सवयच तशी. म्हणून झाल्यावर वैभवने मान वर केली. श्रेयाने ओवीला जवळ ओढलं.

या वेळी मनूचा आवाज त्यात नव्हता.

मालनने नारळ फोडला. पाणी हातावर सांडलं, तरी तिने हात पुसला नाही. "चला," ती म्हणाली. "त्या ड्रायव्हरला ताटकळत ठेवू नका."

मनू हलला नाही. तो वाकला, पिशवीतून फडकं काढलं आणि झांजा मालनच्या ओल्या हातात ठेवल्या.

"ह्यो हयच ऱ्हवांदेत, वयनी. माझ्याबरोबर गेल्यो तर परत येवच्यो नाय."