कारवीच्या अर्काचे चार थेंब

त्या सकाळी मानवजात व्यसनमुक्त झाली. तूर्तास मानवजात म्हणजे एकटा निवृत्ती शेलार.

पडद्यावर त्याचा मेंदू दिसत होता. गर्दची पुडी समोर धरताच तिथं तलफेचा लाल जाळ उठला. डॉक्टर खानोलकरांनी कारवीच्या फुलांच्या अर्काचे चार थेंब त्याच्या जिभेवर सोडले आणि जाळ विझला. पहाटेच्या आभाळासारखा स्वच्छ निळा मेंदू उरला. डॉक्टरांचेही हात आपसूक जोडले गेले.

"रंजे, भूक लागलीय गं," निवृत्ती बायकोला म्हणाला. रंजनाला हा आवाज लग्नाच्या वेळचा वाटला.

"महिनाभर तलफ येणार नाही. मग पुन्हा चार थेंब," डॉक्टर म्हणाले.

"मग बाटलीच द्या की," रंजना म्हणाली.

"उरलेला अर्क उंदरांना पाजण्यात संपला. उंदीर ठणठणीत आहेत. पुन्हा फुलं आली की काढू."

कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, आणि ती यंदाच फुलून गेली होती.