चौथा पॅक

सकाळी लसीच्या पेटीत बर्फाचे चार पॅक होते, प्रत्येकी चारशे ग्रॅमचे. दुपारी त्यातले तीनच गोठलेले होते. चौथ्यात नुसतं पाणी डुचमळत होतं.

"सरबताच्या पातेल्यात बुडवला होता जरा," तपासणीला आलेले साहेब ढेकर देत म्हणाले. "अहो सिस्टर, पाणी झालं तरी गारच आहे की!"

मयूरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गार आहे, साहेब. पण बर्फ वितळताना ग्रॅममागे ऐंशी कॅलरी उष्णता गिळतो. या पॅकनं पेटीतली बत्तीस हजार गिळायची होती, ती तुमच्या सरबतातली गिळली. डोंगरावरचा पाडा अजून बाकी आहे. लस आठ अंशांच्या वर गेली, तर फेकावी लागेल!"

"बीएस्सीचा तास घेताय का आमचा?" साहेब हसले.

पाड्यावर बाया तान्ही लेकरं घेऊन उन्हात ताटकळल्या होत्या. मयूरीनं पेटी उघडली, थर्मामीटर बाहेर काढला.

अकरा अंश.