शेवाळाच्या पिशव्या

"वहिनी, हे काय टांगताय? वाळवण?" दिराने दारातूनच विचारलं.

"शेवाळ," स्टुलावरून खाली न बघता ती म्हणाली. "स्वच्छ धुऊन जाळीच्या पिशवीत भरलेलं. हवेतली धूळ धरून ठेवतं. तुमचा कारखाना गुपचूप चालू आहे की नाही, ते महिन्याभरात कळेल."

दीर हसला नाही. पूर्वी हसला असता. रंगाचा तो कारखाना कोर्टाने बंद केला होता आणि बंद पाडणारा पुरावा वहिनीचा होता. बावीस वर्षं तिथे नोकरी केलेला हा माणूस तेव्हापासून घरी बसून होता.

"वहिनी, दाराला सील आहे. चिमणीवर कावळ्यांनी घरटं केलंय. चला, दाखवतो."

"मग ठकीच्या अंगात शिसं येतं कुठून? आभाळातून पडतं?"

त्याने पुतणीकडे पाहिलं. ठकी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. एके काळी हिच्या तोंडाला कुलूप लावा म्हणून घरात सगळे हात जोडायचे. आता बोलायलाही तिला कंटाळा यायचा. पोट दुखायचं. पाठ झालेली अक्षरं ती विसरायला लागली होती.

"कारखाना बंद होऊन सहा महिने झाले," दीर हळूच म्हणाला. "तिच्या रक्तातला आकडा खाली यायला हवा होता ना?"

"यायला हवा होता. वाढलाय. म्हणूनच म्हणते, तुम्ही लोक खोटं बोलताय. पगारापुढे तुम्हाला घरची पोरही दिसत नाही."

हे जरा जास्तच झालं, हे तिलाही कळलं. पण तिने शब्द मागे घेतले नाहीत. दीर आणलेली संत्री टेबलावर ठेवून निघून गेला. त्याची पाठ फिरताच तिने ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्या कारखान्याचा हात लागलेलं काही तिला घरात नको होतं.

तीन पिशव्या टांगल्या: एक गॅलरीत, एक स्वयंपाकघरात आणि एक ठकीच्या उशाशी. पाणी तपासून झालं होतं. भांडी, खेळणी, भिंतींचा रंग, सगळं तपासून झालं होतं. कशात काही सापडलं नव्हतं. राहिली होती ती हवा. "शिसं कुठून येतंय ते शोधा," डॉक्टर म्हणाले होते, "तोवर माझी औषधं म्हणजे फुटक्या बादलीत पाणी भरणं आहे."

शोधणं हाच तर तिचा धंदा होता. मोहरीचं एक वाण तिने हुडकलं होतं. जमिनीतलं शिसं ते मुळांनी ओढायचं आणि पानांत साठवायचं. नासलेली जमीन पुन्हा पिकती करायची, हे तिचं जुनं स्वप्न. पण कारखान्याच्या भिंतीलगत लावलेल्या मोहरीच्या पानांत मशीनला शिसंच शिसं सापडलं तेव्हा स्वप्नाचा खटला झाला. नंतर ठकीचं दुखणं निघालं आणि खटल्याचं वैर झालं. कारखान्याने अपील केलं. प्रत्येक तारखेला वकिलाला ताजे नमुने हवे असायचे. पानं तोडायची, वाळवायची, खलात कुटायची, मैद्यासारखी बारीक चाळायची. हे काम ती दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची नाही. एक नमुना इकडचा तिकडे झाला तर कोर्टात नाक कापलं जाईल, ही भीती.

"आली गिरणीवाली!" संध्याकाळी दार उघडताना नवरा म्हणायचा. तिला हसू यायचं. दिवसभरातलं बहुधा तेवढंच.

त्या महिन्यात तिने पूर्वी कधी नव्हती एवढी पानं कुटली. आकडा वाढलाय म्हणजे पुरावाही वाढायला हवा, हे तिचं गणित. खांदे भरून यायचे. घरी यायला उशीर व्हायचा, आणि ठकी आईवाचून झोपायची नाही. प्रयोगशाळेतल्या धोब्याचं कंत्राट संपल्यापासून जो तो आपले कोट घरी नेऊन रविवारी धुवायचा. नवऱ्याने एकदा तिचा तसलाच एक कोट पोरीच्या अंगावर घातला आणि ती शांत झोपली. तेव्हापासून ती सवयच झाली.

महिना भरला. तिने पिशव्या काढल्या आणि सहकाऱ्याच्या हवाली केल्या. आपल्या घरची मोजणी आपण करायची नाही, हा नियम ती काटेकोरपणे पाळत आली होती.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा ठकी जागीच होती.

"आई, कोट दे ना."

"मी आलेय ना आता."

"तू उठून जातेस. कोट नाही जात."

खुंटीवरचा कोट काढून तिने पोरीवर पांघरला, कडा अंगाखाली नीट खोचल्या आणि केसांतून हात फिरवत बसली. एकदा हा निकाल हातात आला की त्या लोकांना ती सोडणार नव्हती. दिरालासुद्धा.

ठकीचा डोळा लागला आणि फोन वाजला.

"गॅलरीतली पिशवी स्वच्छ आहे," सहकारी म्हणाला. "स्वयंपाकघरातलीही. बाहेरच्या हवेतून तुमच्या घरात काही येत नाही."

"आणि उशाजवळची?"

"ती मी पुन्हा पुन्हा लावली. मला वाटलं, मशीन बिघडलं. शिसं मोजता येऊ नये इतकं आहे. म्हणून मग जाळीतली धूळ भिंगाखाली धरली."

"कारखान्याचा रंग?"

"नाही. हिरवी पूड आहे. मोहरीच्या पानांची."

पलंगावर ठकी झोपेतच कोटाची बाही चोखत होती.