करारातली अळूची भाजी

भाचीच्या लग्नाच्या पंगतीत निवृत्त आचारी दामूअण्णांनी अळूची भाजी तिसऱ्यांदा मागून घेतली.

"यात घालता काय हो?" त्यांनी वाढप्याला विचारलं.

"सांगता येत नाही, आजोबा. केटररचा करार आहे."

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, सुलभाताईंनी, मान खाली घातली. भाजी अण्णांचीच होती. याच केटररकडे तीस वर्षं त्यांनी ती केली होती. नोकरी सोडताना करारानुसार त्यांच्या डोक्यातून सगळ्या पाककृती यंत्राने पुसून घेतल्या होत्या. हे ताईंनी त्यांना दोनदा सांगून पाहिलं होतं. दोन्ही वेळा ते ओट्यापाशी जाऊन नुसते उभे राहिले होते आणि दुसऱ्या दिवशी ते ऐकलेलंही विसरून गेले होते.

"तुला नाही कधी अशी जमली," अण्णा म्हणाले.

"नाही हो जमली," ताई थकल्या आवाजात म्हणाल्या आणि आपली वाटी त्यांच्याकडे सरकवली.